निळी स्क्रीन, अचानक अंधार की नुसती कडकड? होम स्टुडिओतला कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा का बंद पडतो

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानतळांवर, बँकांत, हॉस्पिटलांत निळ्या स्क्रीन दिसू लागल्या. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला अपडेटमधून एक सदोष फाइल आली होती, एवढंच कारण. व्हायरस नव्हता, कुणी हल्लाही केला नव्हता. मग एका बाहेरच्या कंपनीच्या एका फाइलमुळे अख्खी मशीन कशी झोपते?

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांना हा प्रश्न बातम्यांपुरता नसतो. आवाज छान लागलेला असतो, अंतरा मनासारखा चाललेला असतो आणि स्क्रीन गोठते. पुन्हा सुरू करावं तर तासभर सगळं सुरळीत, मग परत तेच. विचारलं की सल्ले येतात: रॅम वाढव, विंडोज नव्याने टाक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) बदल. यातला प्रत्येक सल्ला कुणाच्या तरी बाबतीत खरा ठरलेला असतो. तुमच्या मशीनला तो लागू आहे का, हे मात्र सांगणाऱ्याला माहीत नसतं आणि पैसे तुमचे जातात.

माझं म्हणणं असं, की कॉम्प्युटर बंद पडला यापेक्षा तो कसा बंद पडला याकडे आधी बघा. त्यावरून बिघाड कुठल्या भागात आहे याचा बराच अंदाज येतो. मोठं ज्ञान लागत नाही, पण घाई सोडावी लागते.

त्याआधी प्रोजेक्ट वाचवा

बिघाड शोधण्याच्या नादात मशीन आणखी दहा वेळा बंद पडणार आहे. डिस्कवर फाइल लिहिली जात असताना वीज गेल्यासारखी मशीन बंद झाली, तर फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून सगळे प्रोजेक्ट, रेकॉर्ड केलेल्या ऑडिओ फाइल्ससकट, एका वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून ठेवा. नुसती प्रोजेक्ट फाइल नेऊन उपयोग नाही. तिच्यात बहुधा फक्त मांडणी असते, आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो. गायलेला टेक एकदा गेला की गेला, त्यामुळे या पायरीवर मी अजिबात तडजोड करणार नाही.

बंद पडण्याच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा: फक्त रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बंद होतं. रीपर, क्यूबेस, एबलटन लाइव्ह, जे काही वापरत असाल ते गायब होतं, पण ब्राउझर चालू असतो, माउस हलतो. दुसरी: अख्खी मशीन कोलमडते आणि निळी स्क्रीन येते. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन काळी केली आहे, अर्थ तोच.) तिसरी: कुठलाही संदेश न येता एका क्षणात सगळं बंद, जणू कुणी प्लग उपटला. चौथीत काहीच बंद पडत नाही, फक्त आवाज तुटतो, कडकडतो, किंवा सॉफ्टवेअर 'ओव्हरलोड' दाखवून थांबतं.

पहिल्या दोन तऱ्हांतला फरक कळण्यासाठी एकच तांत्रिक शब्द समजून घ्यायला हवा: कर्नल. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, प्रोसेसरवर कुणाची पाळी, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो ठरवतो. तुम्ही चालवता ते सॉफ्टवेअर या गाभ्याबाहेर, आपापल्या आखून दिलेल्या मेमरीत चालतं. त्यानं गडबड केली तर सिस्टिम त्याला एकट्याला बंद करते आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. ऑडिओ इंटरफेस, ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय यांच्याशी बोलणारे बरेच ड्रायव्हर गाभ्याच्या आतच चालतात. तिथे चूक झाली की कुठल्या मेमरीवर विश्वास ठेवायचा हे सिस्टिमला कळेनासं होतं. तशा अवस्थेत पुढे चालत राहिली तर तुमच्या फाइल्स बिघडू शकतात, म्हणून ती स्वतःहून सगळं थांबवते. निळी स्क्रीन म्हणजे मुद्दाम लावलेला ब्रेक आहे. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी हेच झालं: त्यांचा ड्रायव्हर गाभ्यात होता, सदोष फाइल वाचताना त्यानं नको त्या जागची मेमरी वाचायचा प्रयत्न केला आणि विंडोजनं ब्रेक लावला.

सॉफ्टवेअर एकटंच बंद पडतं तेव्हा

इथे पहिला संशय प्लगइनवर घ्यावा. रिव्हर्ब, कंप्रेसर, तबल्याचं किंवा पियानोचं आभासी वाद्य, ही सगळी वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेली छोटी सॉफ्टवेअर असतात, पण सहसा चालतात ती रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्याच मेमरीत. एक प्लगइन घसरलं की यजमानही कोसळतो. दोष मात्र यजमानावर येतो, कारण नाव त्याचं दिसतं.

विंडोजमध्ये याची नोंद राहते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. तिथे दिवसवार लाल फुल्या दिसतात. फुलीवर जाऊन तपशील उघडला की 'फॉल्ट मॉड्यूल नेम' अशी ओळ सापडते. तिथे एखाद्या प्लगइनचं नाव असेल तर शोध जवळजवळ संपला. मात्र विंडोजच्या स्वतःच्या फाइलचं नाव दिसलं, म्हणून विंडोज खराब झालं असा निष्कर्ष काढू नका. चूक दुसऱ्याची आणि कोसळायची जागा विंडोजची, असं वारंवार होतं.

नाव सापडलं नाही तर अर्ध्या-अर्ध्याची पद्धत वापरा. प्रोजेक्टची प्रत करा, निम्मी प्लगइन बंद करा आणि चालवून बघा. कोसळलं तर दोषी चालू असलेल्या निम्म्यात, नाही कोसळलं तर बंद केलेल्यांत. मग त्यातली निम्मी. दोषी एकच असेल तर ३२ प्लगइनमधून तो पाच फेऱ्यांत हाती लागतो. प्रोजेक्ट उघडतानाच कोसळत असेल, तर रीपरमध्ये सगळी इफेक्ट्स ऑफलाइन ठेवून प्रोजेक्ट उघडायची सोय आहे. क्यूबेस सुरू होत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो. बिटविग स्टुडिओ आणि रीपर या दोन्हींत प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतात. त्यात प्लगइन मेलं तरी प्रोजेक्ट जगतो. थोडी मेमरी आणि प्रोसेसरची ताकद जास्त जाते, पण संशयित प्लगइनसाठी ही किंमत नक्कीच मोजावी.

क्रॅक केलेल्या प्लगइनबद्दल स्पष्ट बोलतो. मूळ कोडमधली परवान्याची तपासणी तोडून ती बनवलेली असतात. तोडलेली जागा कधी, कुठल्या बटणाला हात लावल्यावर दगा देईल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती मशीनवर असेपर्यंत बाकीचा शोध विश्वासार्ह राहत नाही. आधी ती काढा.

निळी स्क्रीन येते तेव्हा

ती स्क्रीन क्षणभर दिसून मशीन परत सुरू होत असेल, तर 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग पुढच्या वेळी निवांत फोटो काढता येईल. खाली लिहिलेला स्टॉप कोड महत्त्वाचा. त्यात 'ड्रायव्हर' हा शब्द आणि सोबत फाइलचं नाव असेल, तर तो ड्रायव्हर उत्पादकाच्याच साइटवरून नवा घ्या. त्रास नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल तर उलट जुन्यावर परत जा. 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन' दिसलं तर बहुतेक वेळा कुठला तरी ड्रायव्हर प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवतोय. 'मेमरी मॅनेजमेंट' दिसलं तर रॅम तपासा. 'व्हीआ अनकरेक्टेबल एरर' म्हणजे हार्डवेअरनं स्वतःच चूक कळवली आहे: प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज, उष्णता, ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं).

प्रत्येक वेळी वेगळाच कोड येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. खराब मेमरीत जे सापडेल ते बिघडतं, त्यामुळे दर वेळी बळी वेगळा. मेमटेस्ट८६ हे साधन पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती 'थोडीशीच आहे' म्हणून सोडू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. ही रॅमला तिच्या मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारी सेटिंग्ज आहेत. तरीही चुका आल्या तर एकेक पट्टी लावून कुठली खराब ते शोधा.

नुसता आवाज तुटतो तेव्हा

याला लोक क्रॅश म्हणतात, पण इथे काहीही मोडलेलं नसतं. कॉम्प्युटरची वेळ चुकते.

४४,१०० हर्ट्झवर रेकॉर्डिंग म्हणजे दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे सॅम्पल, प्रत्येक चॅनलची. कॉम्प्युटर ती एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्यानं हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. खालून पंप थांबत-थांबत पाणी चढवतो, पण नळाला धार अखंड हवी. टाकी मोठी असेल तर पंप जरा वेळ थांबला तरी नळ कोरडा पडत नाही. लहान असेल तर लगेच गुळण्या टाकायला लागतो. आवाजातली कडकड म्हणजे तीच गुळणी.

मग टाकी मोठीच का ठेवू नये? कारण मोठ्या बफरमुळे उशीर होतो. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. येताना एक गठ्ठा आणि जाताना एक, म्हणजे प्रत्यक्षातला उशीर दुपटीहून अधिकच. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आल्यासारखा वाटला की तो बिचकतो. म्हणून गाताना-वाजवताना १२८ च्या आसपास आणि मिक्स करताना ५१२ किंवा १०२४, असा बदल करत राहायचा. एकाच आकड्यावर दोन्ही कामं ओढण्यानं कितीतरी चांगल्या मशीन विनाकारण बदनाम होतात.

बफर वाढवूनही कडकड राहिली तर पंप मधेच कोण थांबवतंय ते बघायला हवं. लेटन्सीमॉन हे विंडोजसाठीचं साधन कुठला ड्रायव्हर किती वेळ प्रोसेसर अडवतो ते नावानिशी दाखवतं. वाय-फाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर त्यात वारंवार सापडतात. वाय-फाय बंद करून रेकॉर्ड करून बघा, एका मिनिटाची परीक्षा आहे. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. यूएसबीची वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवणारं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला आसिओ ड्रायव्हर वापरा. आसिओ ही श्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये आणलेली व्यवस्था आहे, विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाला बगल देऊन थेट इंटरफेसशी बोलणारी.

इथेच आणखी एक कोडं सुटतं. टास्क मॅनेजर म्हणतो प्रोसेसर ३० टक्केच वापरात आहे, आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर म्हणतं ओव्हरलोड. खोटं कुणीच बोलत नाही. एका ट्रॅकवर ओळीनं लावलेली प्लगइन एकामागून एकच चालू शकतात, कारण दुसऱ्याला पहिल्याचा निकाल हवा असतो. ती साखळी सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्याच्या अनेक गणनभागांपैकी एकावर, चालते. बाकीचे कोअर रिकामे बसले तरी त्या एकाची वेळ चुकली की आवाज तुटतो. मास्टर ट्रॅकवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) आठ जड प्लगइन लावून ठेवली की असं होतं. त्यावर उपाय म्हणजे जड ट्रॅक फ्रीज करणे (त्याचा निकाल तात्पुरता ऑडिओ म्हणून साठवून प्लगइन थांबवणे), आणि मास्टरवरची साखळी रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवणे.

संदेशाविना एकदम अंधार

इथे सॉफ्टवेअरला दोष देण्यात वेळ घालवू नका. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल आणि शोधलं तर तिच्यावर ढीगभर उपाय सापडतील. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाली नव्हती. कारण ती सांगत नाही. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर निळ्या स्क्रीनचीही नोंद झालेली नाही. मग वीज किंवा उष्णता बघायची.

होम स्टुडिओत उष्णतेचं एक खास कारण असतं. पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून लोक कॉम्प्युटर कपाटात ठेवतात, टेबलाखाली फोमनं वेढतात, पंख्यांचा वेग कमी करून टाकतात. गरम हवेला बाहेर जायला वाट उरत नाही. आताचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तग धरतात, आधी वेग कमी करतात, आणि त्याहीपलीकडे गेलं तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या साधनात आकडे उघडे ठेवून तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट वाजवा. आकडा चढत जाऊन बरोबर शिखरावर अंधार होत असेल तर कारण मिळालं: धूळ काढा, हवेला वाट द्या, प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) बदला. माइक दूर नेणं हा कॉम्प्युटर कोंडण्यापेक्षा केव्हाही चांगला उपाय.

तापमान ठीक असेल तर पॉवर सप्लाय. त्यातले कपॅसिटर वर्षांनुवर्षांच्या वापरानं थकतात आणि भार एकदम वाढला की व्होल्टेज खचतं. याची घरी खात्रीची परीक्षा एकच: दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून बघणं.

आणि मशीन बंद न पडता फक्त इंटरफेस गायब होत असेल, त्यामुळे सॉफ्टवेअर गोठत असेल, तर यूएसबीकडे वळा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर. त्यावरच चालणारा इंटरफेस आणि वर दोन कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, हे सगळं एका स्वस्त हबमधून ओढलं तर वीज कमी पडणारच. इंटरफेस थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा आणि केबल बदलून बघा.

'पण याच मशीनवर गेम मस्त चालतात!'

चालतील. गेममध्ये एक फ्रेम उशिरा आली तर डोळा ती सहज माफ करतो, शिवाय बराचसा भार ग्राफिक्स कार्डवर असतो. कानाला मात्र काही मिलिसेकंदांची पोकळीही टोचते. म्हणून गेम चालणं हा चौथ्या तऱ्हेच्या तक्रारीविरुद्ध पुरावा ठरत नाही. उष्णता किंवा पॉवर सप्लायच्या बाबतीत तो थोडासा उपयोगी आहे: जड गेम तासन्‌तास चालतो आणि हलका प्रोजेक्ट कोसळतो, तर पुन्हा ड्रायव्हर आणि प्लगइनकडे वळा.

'मशीन तर नवीकोरी आहे'

नव्या मशीनचाही बळी जातो. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, की १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे ते अस्थिर होत होते. त्यावर बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. अपडेट पुढचं नुकसान टाळतं, झालेलं भरून काढत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल, बायोस जुना असेल आणि विचित्र क्रॅश होत असतील, तर आधी बायोस अद्ययावत करा. तरीही थांबले नाहीत तर वॉरंटीत बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे.

'विंडोज नव्याने टाकलं तर सगळं मिटेल ना?'

ड्रायव्हरांची खिचडी झाली असेल तर मिटेल. खराब रॅम, तापलेला प्रोसेसर, थकलेला पॉवर सप्लाय यांना त्याचा काही फरक पडत नाही. शिवाय होम स्टुडिओत हे काम फार महाग पडतं: कितीतरी प्लगइनचे परवाने त्या मशीनला बांधलेले असतात. आधी त्या-त्या खात्यातून ते सोडवून न घेता डिस्क पुसली तर परवाना अडकून पडू शकतो. म्हणून नवं विंडोज हा माझ्या यादीतला शेवटचा उपाय, रॅम आणि तापमान तपासून झाल्यावरचा.

'मॅक घेतला की सुटका?'

काही प्रमाणात. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही ध्वनिव्यवस्था अंगचीच आहे आणि ॲपलनं बाहेरच्या कंपन्यांना गाभ्यात शिरायला अलीकडे बरंच अवघड केलं आहे. तरी प्लगइन तिथेही कोसळतात, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटबरोबर जुनी साधनं मागे पडतात. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीनं सगळी जुन्या पद्धतीची ३२-बिट सॉफ्टवेअर एका फटक्यात बाद केली, त्यात अनेकांची रोजच्या वापरातली प्लगइनही गेली. मॅक असो की विंडोज, मोठं अपडेट करण्याआधी इंटरफेस आणि प्लगइनच्या कंपन्यांनी हिरवा कंदील दिलाय का ते बघा, आणि चालू असलेल्या प्रोजेक्टच्या मध्यावर अपडेट करूच नका.

दुरुस्तीला नेताना

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: काय बदललं, मग किती वेळ चाललं, कसं बंद पडलं, त्या वेळी काय चालू होतं. तीन गोष्टी एकदम बदलून क्रॅश थांबला, तर नेमकं कशामुळे थांबला ते कळत नाही, आणि महिन्याभरानं परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

रॅमची चाचणी नापास झाली, नवं विंडोज टाकतानाच मशीन कोसळते, किंवा पॉवर सप्लायचा संशय आहे आणि बदलून बघायला दुसरा नाही, तर ती दुरुस्तीला द्या. सोबत ती वही, स्टॉप कोडचे फोटो आणि तापमानाचे आकडे द्या. मशीन ज्या प्रोजेक्टवर हमखास कोसळते त्याची प्रतही त्यावर ठेवा, आणि कुठलं बटण दाबल्यावर साधारण किती मिनिटांत बंद पडते ते लिहून द्या. नाहीतर दुकानात ती दिवसभर नुसती चालू ठेवतील, रिकाम्या डेस्कटॉपवर तिला काहीच होणार नाही, आणि 'ठीक आहे' म्हणून परत देतील.